पाहिलेले सिनेमे, आजोबांची पुस्तकं आणि एकच एक्सेल: एका बडोदेकराला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. काही वर्षं तुम्ही पाहिलेले सिनेमे आणि वाचलेली पुस्तकं एका ॲपमध्ये टिपत होतात. ते ॲप बंद पडलं आणि हातात एक एक्सपोर्टची फाइल उरली. दुसरीकडे दांडिया बाजारातलं आजोबांचं घर रिकामं करायचंय आणि तिथली कपाटभर मराठी-गुजराती पुस्तकं वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये मावणार नाहीत. म्हणून सगळ्याचा मिळून एकच डेटाबेस करावा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा सराव व्हावा आणि जमलंच तर 'मला पुढे काय आवडेल' हे सांगणारं मॉडेलही बनवावं, असा बेत आहे. आणि विचारलंय एवढंच, की एक्सेल घेऊ, गूगल शीट्स घेऊ की एसक्यूएलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस)?

तिन्हींपैकी काहीही घ्या, चालेल. मी बडोद्यातच कारखान्यांच्या स्टोअर आणि खरेदीच्या सिस्टिम बसवण्याचं काम करतो, आणि घरी पुस्तकं-सिनेमे टिपून ठेवायचा नाद जुना आहे. त्यामुळे तुम्ही दिलेला नमुना तक्ता बघताच साधनाचा प्रश्न बाजूला पडला. नाव, लेखक किंवा दिग्दर्शक, वर्ष, प्रकार, तारीख, स्टार, शेरा. या एका ओळीत तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

तुम्ही मकरपुऱ्याला कारखान्यात आहात, तेव्हा स्टोअरचं उदाहरण लगेच पटेल. आयटम मास्टर वेगळा, स्टॉक वेगळा, इश्यू स्लिप वेगळी. बेअरिंगचा नंबर आणि माप मास्टरमध्ये. कोणत्या रॅकवर किती नग आहेत ते स्टॉकमध्ये. कोणत्या खात्याने कधी नेलं ते स्लिपवर. तिन्ही एकाच कागदावर लिहिणाऱ्या स्टोअरकीपरला वर्षअखेरीस काय घाम फुटतो ते तुम्ही पाहिलंच असेल. छंदाच्या नोंदींतही हेच तीन थर असतात: कृती (तो सिनेमा, ते पुस्तक), प्रत (आजोबांच्या कपाटातलं ते विशिष्ट पुस्तक) आणि प्रसंग (तुम्ही ते कधी, कुठे, कोणाबरोबर पाहिलं किंवा वाचलं).

सिनेमाला प्रत जवळजवळ नसतेच, सगळा जीव प्रसंगात. आजोबांच्या पुस्तकांत उलट: तुमचा प्रसंग कमी, सगळं प्रतीत. म्हणूनच एका तक्त्यात दोन्ही बसवताना तुमचे निम्मे रकाने रिकामे राहताहेत. तो तुमचा आळस नव्हे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. पुस्तकं दोनशे आहेत की दोन हजार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरातलं दुसरं कोणी ही यादी वापरणार आहे का? आई-बाबांना फोनवर बघायची असेल तर शीट्स, कारण एसक्यूएलाइटची फाइल उघडून देणं हे कायमचं तुमच्या गळ्यात पडेल. आणि तुमचा मूळ नाद कोणता, बघणं-वाचणं की सिस्टिम बनवणं? दोन्ही नाद चांगले, पण दुसरा असेल तर खुशाल एसक्यूएलाइट घ्या, पायथनचा सरावही होईल. पहिला असेल तर साधी शीट घ्या आणि उरलेली संध्याकाळ वाचा.

सिनेमांपासून सुरू करू, ते सोपं आहे. माझा नियम असा: जी माहिती जगात कुठेही मिळते ती स्वतः टाइप करायची नाही. दिग्दर्शक, कलाकार, लांबी, संगीत, हे सगळं आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या वेबसाइटवर आहे. तिथे प्रत्येक चित्रपटाला 'टीटी' या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो. तो क्रमांक तुमच्या नोंदीत ठेवा, बाकीचं हवं तेव्हा ओढून घेता येतं. आयएमडीबी खासगी, बिनव्यापारी वापरासाठी आपल्या तक्त्यांच्या फाइली उतरवूनही घेऊ देतं. नुसतं नाव मात्र कधीच पुरत नाही. 'श्यामची आई' म्हटलं की साने गुरुजींचं पुस्तक, आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आणि २०२३ चा नवा चित्रपट, तिन्ही डोळ्यांसमोर येतात. तुमच्या फाइलमध्ये नुसतं 'श्यामची आई, ४ स्टार' असेल तर पाच वर्षांनी ते चार स्टार कोणाचे हे तुम्हालाही आठवणार नाही.

मग स्वतः काय टिपायचं? जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते. पाहिल्याची तारीख, थिएटरमध्ये की घरी, सोबत कोण, बघायला का घेतला, आणि शेवटपर्यंत पाहिला का. या शेवटच्या रकान्यासाठी मी भांडायला तयार आहे. बहुतेक लोक पूर्ण पाहिलेल्याचीच नोंद करतात. मग वर्षाअखेरीस सरासरी काढली की आपण पाहिलेलं सगळंच बरं होतं असं वाटतं, कारण कंटाळून बंद केलेले सिनेमे यादीत आलेलेच नसतात. कुठे सोडला आणि का सोडला, एवढी एक ओळ लिहा. 'मध्यंतराआधी, गाणी फार' किंवा 'झोप आली, सिनेमाचा दोष नाही'. आवडीनिवडीबद्दल या ओळी स्टारपेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

स्टारबद्दल माझं मत फार बरं नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. सोमवारी दमून आल्यावर दिलेले तीन आणि रविवारी दुपारी जेवून दिलेले तीन सारखे नसतात. नेटफ्लिक्सने २०१७ साली पाच स्टार काढून अंगठा वर-खाली आणला. मी तेवढंही विचारत नाही. माझा रकाना आहे 'पुन्हा बघेन का?' आणि उत्तरं तीनच: हो, नाही, कोणी सोबत असेल तर. ॲपमधल्या तुमच्या जुन्या स्टारना हात लावू नका, वेगळ्या रकान्यात तसेच राहू द्या. त्यांचं रूपांतर करत बसाल तर नुसता वेळ जाईल.

एकच सिनेमा दोनदा पाहिला तर दुसरी ओळ येते, जुनी खोडायची नाही. प्रसंग वेगळे ठेवण्याचा हा खरा फायदा. कॉलेजात असताना काय वाटलं आणि आता काय वाटतं, दोन्ही राहतं.

आता आजोबांची पुस्तकं. इथे जरा सावकाश, कारण घर रिकामं करायची तारीख ठरली की घाईत सगळं पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीत जातं आणि गेलेलं परत येत नाही.

बारकोड स्कॅन करणारं ॲप इथे जवळजवळ निरुपयोगी. ते ॲप ज्यावर चालतं तो पुस्तकांचा आयएसबीएन क्रमांक ही १९७० नंतर रुळलेली गोष्ट, तेरा अंकी क्रमांक तर २००७ पासूनचा. आजोबांच्या पिढीच्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. गुडरीड्स या पुस्तकांच्या वेबसाइटच्या भरवशावरही राहू नका. तिथे जुनी मराठी पुस्तकं विरळ, जी आहेत त्यांची नावं रोमन लिपीत तऱ्हेतऱ्हेने लिहिलेली, आणि डिसेंबर २०२० पासून त्यांनी नव्या लोकांना एपीआयची किल्ली (प्रोग्रॅममधून माहिती घेण्याची परवानगी) देणं बंद केलंय, त्यामुळे पायथनमधून माहिती ओढायचा रस्ताही बंद.

तेव्हा प्रत्येक पुस्तकाचे फोनवर तीन फोटो काढा: शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू आणि ज्या पानावर हाताने काही लिहिलंय ते. बाहेरचं कव्हर महत्त्वाचं नाही, ते बहुधा पुन्हा बांधलेलं असतं. समजा शीर्षकपृष्ठाखाली 'आवृत्ति दुसरी, शके १८५२, किंमत १२ आणे' असं छापलंय. यातलं काहीही 'सुधारून' लिहू नका. एका रकान्यात जसं छापलंय तसं 'शके १८५२', दुसऱ्यात इसवी सन १९३०. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधलं असेल तर ७९, पण महिना छापलेला नसेल तर डोकं खपवू नका. गुजराती पुस्तकांवर विक्रम संवत असेल. गुजरातेत तो दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. वर्षाच्या बहुतेक भागासाठी ५६ वजा करा, कार्तिक ते डिसेंबरसाठी ५७. आणि हे सन एक्सेलच्या 'डेट' प्रकारात ठेवू नका, साधा आकडा ठेवा. एक्सेलचं कॅलेंडर १९०० साली सुरू होतं, त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही.

बडोद्याचं घर म्हटल्यावर एक रकाना मी हटकून ठेवायला सांगेन: मालेचं नाव आणि पुष्प क्रमांक (मालेतलं ते कितवं पुस्तक). सयाजीराव महाराजांच्या काळात राज्याने 'श्रीसयाजी साहित्यमाला' आणि 'सयाजी बालज्ञानमाला' अशा मालांतून मराठी-गुजरातीत पुस्तकं काढली. इथल्या जुन्या घरांत त्यातली काही ना काही निघतातच. दिसायला साधी, पातळ, कसर लागलेली, म्हणून नेमकी हीच आधी टाकली जातात. ती बाजूला काढा. शिक्केही बघा: शाळेचा, वाचनालयाचा, संस्थानच्या खात्याचा. सेंट्रल लायब्ररीचा शिक्का निघाला तर दचकू नका, रद्द केलेल्या प्रतीही लोकांच्या घरी येत असत. पण नोंद ठेवा आणि एकदा मांडवीला जाऊन विचारून या.

लायब्ररीचा विषय निघालाच आहे तर तुमचा उपप्रश्न: 'ड्युई दशांश पद्धत वापरू का?', म्हणजे ग्रंथालयांत विषयानुसार आकडे देतात ती. नको. ड्युईमध्ये सगळ्या मराठी साहित्याला मिळून ८९१.४६ हा आकडा आहे. म्हणजे आजोबांच्या कथा, कादंबऱ्या, नाटकं, कविता सगळ्यांचा आकडा तिथूनच सुरू होणार, आणि फरक फक्त त्यापुढच्या आकड्यांत शोधत बसावा लागणार. १९१० साली महाराजांनी ज्यांना अमेरिकेहून बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवायला सांगितली, त्या विल्यम बॉर्डन यांनीही बाहेरची पद्धत जशीच्या तशी न उचलता बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण बेतलं होतं. तुमच्या घराला तर 'कपाट २, कप्पा ४' एवढा पत्ता पुरे. विषयाचा रकाना ठेवा, पण त्यात सात-आठ शब्दांपलीकडे जाऊ नका. 'ललित', 'ललित निबंध' आणि 'लघुनिबंध' अशी तीन खाती उघडलीत की पुढे कोणतं पुस्तक कुठे टाकलंय ते शोधत बसाल.

लेखकांच्या नावांवर खरी मेहनत जाते. 'राम गणेश गडकरी', 'रा. ग. गडकरी', 'गडकरी रा.ग.' हे संगणकाला तीन माणसं वाटतात. त्यात कवितेला 'गोविंदाग्रज' आणि विनोदाला 'बाळकराम'. यासाठी लेखकांचा वेगळा छोटा तक्ता करा: प्रत्येकाला एक क्रमांक, एक ठरवलेलं नाव, आणि बाकीची नावं त्याच्याखाली. पुस्तकाच्या ओळीत 'छापलेलं नाव' राहू द्या, शेजारी लेखकाचा क्रमांक. मग गडकऱ्यांचं सगळं एका झटक्यात सापडतं आणि पानावर काय होतं तेही हरवत नाही.

हाताने लिहिलेल्या मजकुराचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही, पण माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत नाशवंत माहिती. 'चि. अमुक यास मौंजीनिमित्त', कोणाची तरी सही, दुकानाचा रबरी शिक्का, मधे विसरलेली पावती. पुस्तक दुसरीकडे मिळेल, ही ओळ नाही. 'अमुक' म्हणजे कोण हे घरातल्या ज्येष्ठांनाच ठाऊक असतं. त्यांना मोबाइलच्या पडद्यावर दाखवाल तर अक्षर दिसणार नाही. पानांचे मोठे प्रिंट काढा, समोर बसून विचारा आणि उत्तर त्याच ओळीत लिहून टाका. सगळी पुस्तकं स्कॅन करायचा विचार मात्र तूर्त सोडा. आधी इंटरनेट अर्काइव्हवर शोधा, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं तिथे आहेत. जे तिथे नाही तेवढंच स्कॅन करायच्या यादीत घ्या. आणि स्कॅन लोकांना द्यायचं असेल तर लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटली आहेत ना, ते बघून.

इथवरचा सारांश, कारण बरंच झालं: सिनेमाच्या बाबतीत तुमचा प्रसंग टिपा, आजोबांच्या बाबतीत प्रत टिपा, आणि कृतीची सार्वजनिक माहिती क्रमांकावर सोडा.

आता देवनागरीच्या खोड्या. पायथन शिकताय म्हणून हा भाग जरा तपशिलात सांगतो, इथे भलेभले अडकतात.

पहिली खोडी क्रमाची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. पायथनचं साधं सॉर्टिंग आणि एसक्यूएलाइटचं मूळ सॉर्टिंग दोन्ही कोडच्या क्रमाने चालतात, त्यामुळे यादी 'जवळजवळ बरोबर' लागते. ती चूक चटकन दिसत नाही म्हणूनच वाईट. आयसीयू नावाची तयार कोडची लायब्ररी मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) देऊन वापरलीत की क्रम आपल्याप्रमाणे लागतो.

दुसरी खोडी दिसायला एक पण आतून दोन अशा अक्षरांची. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, आणि 'अ'वर चंद्र देऊनही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, त्यातल्या एकात मधे न दिसणारं एक चिन्ह असतं. फोनचा कीबोर्ड एक वापरतो, कॉम्प्युटरचा दुसरा. मग शोधताना पुस्तक समोर असूनही 'सापडलं नाही' येतं. पायथनचं युनिकोड नॉर्मलायझेशन (अशा अक्षरांना एकरूप करणारी सोय) चालवलंत तरी या जोड्या एक होत नाहीत, अदलाबदलीची चार ओळींची यादी स्वतः लिहावी लागते. ती पहिल्याच दिवशी लिहा.

तिसरी आकड्यांची. शीटमध्ये वर्ष देवनागरी अंकांत लिहिलंत तर प्रोग्रॅम बहुतेक वेळा त्याला मजकूर समजतो, मग बेरीज-वजाबाकी नाही. मनातून कितीही टोचलं तरी हिशेबाच्या रकान्यात इंग्रजी अंक. 'जसं छापलं' त्या रकान्यात देवनागरी.

आणि ॲपची ती एक्सपोर्ट फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात म्हणालात, ती फाइल बहुधा बिघडलेली नाही. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची) फाइल नुसती डबल-क्लिक केली की एक्सेल पुष्कळदा एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, चुकीचं धरतं. डेटा मेनूतून 'टेक्स्ट/सीएसव्हीमधून' असं आत घ्या आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. तशी चिन्हं दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग खरंच बिघडेल. मूळ फाइलची एक प्रत आत्ताच बाजूला ठेवा.

साधनाबद्दल दोनच शब्द. ज्यातून साधी सीएसव्ही बाहेर काढता येते ते साधन चांगलं. सिनेमासाठी लेटरबॉक्सडसारखं ॲप वापरायला माझी हरकत नाही, तिथून डायरी सीएसव्हीत निघते. फक्त दर तिमाहीला काढून ठेवा. ऑर्कुट २०१४ साली गेलं, गूगल रीडर त्याच्या आदल्या वर्षी. मोठ्या कंपनीचं नाव ही बंद न पडण्याची हमी नव्हे. एसक्यूएलाइट घेतलंत तरी डेटा एका फाइलमध्ये राहतो, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो फॉरमॅट दीर्घकाळ जतनासाठी पसंतीच्या यादीत धरलाय, तेव्हा तिथेही काळजी नाही.

बॅकअपची एक प्रत घराबाहेर हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंय. लॅपटॉप आणि त्याचीच एक्स्टर्नल हार्ड डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असेल तर ती एकच प्रत समजा. पुस्तकांचे खोकेही जमिनीवर ठेवू नका.

राहिलं मॉडेल. नेटफ्लिक्सने २००६ साली अशाच अंदाजासाठी १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. सुमारे ४ लाख ८० हजार सभासदांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटींहून जास्त रेटिंग स्पर्धकांना दिली, आणि आधीच्या अंदाजात १० टक्के सुधारणा व्हायला २००९ उजाडलं. तुमच्याकडे माणूस एक आणि ओळी काही शे. त्यातून मॉडेल तुम्हाला तेच सांगेल जे तुमची बायको आत्ता सांगू शकते. शिकायचंच असेल तर जरूर शिका, पण त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने खुला ठेवलेला मूव्हीलेन्सचा, लोकांनी चित्रपटांना दिलेल्या रेटिंगचा डेटा घ्या. तो स्वच्छ आहे, मोठा आहे आणि अडलात तर विचारायला जगभर माणसं आहेत. स्वतःच्या डेटावर साधे प्रश्न चालवा: थिएटरात पाहिलेले सिनेमे जास्त पूर्ण होतात का? कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली पुस्तकं अर्धवट राहतात? माझ्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका जवळच्या मित्राच्या विरोधात निघालं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

घर रिकामं करण्याआधी निदान फोटोंचं काम उरका, टाइप करणं नंतरही होईल. पहिल्या कपाटाची यादी झाली की तिची सीएसव्ही इथे टाका. अक्षरांच्या अदलाबदलीची माझी यादी आणि मराठी सॉर्टिंगचा कोड तिच्यावर चालवून दाखवतो.